‘फळे’ या शीर्षाखाली

सरकारी कागदाला पाय नसतात, तरी तो दिल्लीहून निघून बुऱ्हाणपूरपर्यंत पोचतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ जून २०२५ रोजी असाच एक कागद सोडला. कचेऱ्यांत तेल आणि साखर किती पोटात जाते ते सांगणारे फलक लावा, लॉबीत लावा, कँटीनमध्ये लावा, बैठकीच्या खोलीत लावा. लेटरहेडवर, पाकिटांवर, नोटपॅडवर आरोग्याचा संदेश छापा. फळं-भाज्या वाढवा, लिफ्ट सोडून जिने चढा. बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर जी आमची कचेरी आहे, तिला लिफ्टच नाही. त्यामुळे तेवढ्या कलमाची पूर्तता ‘पूर्वीपासूनच’ असं लगेच कळवून टाकलं.

जुलैत वर्तमानपत्रांनी त्या कागदाला फोडणी दिली. समोशावर आणि जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार, आणि सुरुवात नागपूरच्या एम्सपासून! इथल्या नाश्त्याच्या गाड्यांवर हळहळ पसरली. बुऱ्हाणपूरची मावा जलेबी म्हणजे मैद्याची पिवळी नाजूक जिलबी नव्हे. माव्याची, जाडजूड, तपकिरीकडून काळ्याकडे झुकलेली, पाक पिऊन सुस्तावलेली. तिच्यावर इशारा छापायचा तर कागद चिकटणार कुठे? शेवटी १५ जुलैला सरकारने खुलासा केला की कुठल्याही पदार्थावर लेबल नाही, देशी फराळाशी आमचं वैर नाही. समोसा निर्दोष सुटला. फलक तेवढा राहिला.

तो आमच्याकडेही लागला, बडे बाबूंच्या टेबलामागे. बडे बाबूंची पाठ फलकाकडे आणि तोंड मिठाईच्या डब्याकडे, ही मांडणी कुणी मुद्दाम केली नव्हती. खिळा तिथेच होता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार माणसाने दिवसाला साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. कचेरीत हा हिशोब साडेबारालाच मिटतो, कारण तोवर तीन कट चहा झालेले असतात. पण चहाला कुणी खाणं म्हणत नाही. प्रसादाला तर नाहीच. त्यातून कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली रद्द झाली, कुणाची बदली झाली (हा डबा मोठा असतो), कुणाचं रखडलेलं काम निघालं, म्हणून दराबा येतो. रवा, तूप आणि साखर फेटून फेटून इतका हलका केलेला पदार्थ की खाल्लं असं वाटतच नाही. कचेरीत भुकेसाठी कुणी खात नाही हो. भुकेसाठी घरचा डबा असतो, तो बिचारा दोन वाजता उघडतो आणि निम्मा परत जातो. बाकीचं खाणं मान ठेवण्यासाठी. ‘नको’ म्हणालात तर समोरच्याला वाटतं, साहेब नाराज आहेत, किंवा त्याहून वाईट, साहेबांना जास्त हवंय. या नात्यागोत्याचं वजन ग्रॅममध्ये कसं लिहिणार? फलकावर तो रकाना नाही.

तरीही साहेब नवे आणि उत्साही होते. मासिक बैठकीत समोसा बंद, केळी ठेवा, म्हणाले. निर्णय बिनतोड! ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत आमच्या जिल्ह्याच्या नावापुढे केळीच लिहिलेली. मंडीत ट्रकच्या ट्रक भरून उत्तरेला जातात. भाव पडला की शेतकरी घडच्या घड गुरांपुढे टाकतो. नेमकं तिथेच केळ्याचं दुर्दैव आहे. जे गुरांना मिळतं ते साहेबांपुढे कुणी ठेवत नाही. या गावात काम घेऊन आलेला माणूस आजवर केळ्याची फणी घेऊन आत शिरलेला मी पाहिला नाही.

बैठक भरली. प्रत्येकापुढे कागदी बशीत दोन-दोन केळी. वसुलीचा आढावा सुरू झाला. समोसा एका हाताने, खाली मान घालून, आकडा विचारला जाताना तोंडात टाकता येतो. तोंड भरलेलं असलं की उत्तरही टळतं. केळं सोलावं लागतं. सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी. साहेबांनी सोललं नाही म्हणून बडे बाबूंनी सोललं नाही, बडे बाबूंनी नाही म्हणून बाकीच्यांनी नाही. एका नव्या कारकुनाने धाडस केलं, आणि पुढचा पाऊण तास तो हातात साल धरून बसला, कारण खोलीत कचऱ्याचा डबा नव्हता. थकबाकी त्यालाच सर्वांत जास्त विचारली गेली.

उरलेली केळी शिपायाने पिशवीत भरून घरी नेली. मंत्रालयाच्या पत्राचा या कचेरीत फायदा झालेलं ते एकमेव कुटुंब.

पुढच्या बैठकीआधी बडे बाबूंनी टीप चढवली: केळी नाशवंत असल्याने साठा-नोंदीस अडचण येते, सालीमुळे स्वच्छता अभियानास बाधा पोचते, सबब त्याऐवजी स्थानिक केळ्याचे चिप्स घ्यावेत, जेणेकरून जिल्ह्याच्या उत्पादनासही प्रोत्साहन मिळेल. खर्च ‘फळे’ या शीर्षाखाली टाकण्यास हरकत नसावी.

साहेबांनी तीन दिवस फाईल ठेवली. परत आली तेव्हा समासात लाल शाईत एवढंच होतं: ‘साधे की काळी मिरीवाले? चर्चा करा.’