अप्पांची हुकूमशाही

पुण्याहून नाशिककडे जाताना मंचर मागे पडलं की नारायणगावच्या अलीकडे कळंब लागतं. प्रवाशाच्या लेखी ते एक चहा घेण्यापुरतं गाव. पण चहा कुठे घ्यायचा हे जरा पाहून ठरवावं. कारण एखाद्या टपरीच्या बाकावर अप्पा बसलेले असतात. अप्पा एकटेच नव्हेत, महाराष्ट्रात दर टपरीमागे एक अप्पा असतोच. कळंबच्या अप्पांचा पल्ला मात्र थोडा मोठा आहे.

टोपी कपाळावर सरकवलेली, चहा बशीत ओतलेला आणि कालचा पेपर चौघडी घालून मांडीखाली. पेपर वाचायला नसतो. समोरचा फार बोलायला लागला की तो बाहेर निघतो आणि बाकावर आपटला जातो.

"देशाला दहा वर्षं हुकूमशहा पाह्यजे," हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. लोकशाहीवर त्यांचा राग आहे तो अनुभवाचा. सरपंच पूर्वी सदस्य निवडायचे. 2017 साली तो थेट जनतेतून आला, 2020 साली पुन्हा सदस्यांच्या हाती गेला आणि 2022 साली परत जनतेकडे. अप्पा सदस्यांतूनही पडले आणि जनतेतूनही पडले. त्यामुळे खोट पद्धतीत नसून लोकशाहीतच आहे, हे त्यांच्यापुरतं सिद्ध झालेलं आहे.

भांडवलशाहीबद्दल त्यांचं मत हंगामाप्रमाणे बदलतं. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, तेव्हा अप्पा कडवे भांडवलशाहीवादी होते. "बाजाराला हात लावायचा न्हाई. मागणी-पुरवठा हाय तो!" सप्टेंबर उजाडेपर्यंत भाव कोसळले आणि अप्पा समाजवादी झाले. सरकार झोपलंय का, हमीभाव कुठाय, वगैरे. मधल्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली. त्या दिवशी त्यांना दोन्ही वाद एकदम आठवले आणि कुठला वापरावा हे न सुचून ते चक्क गप्प बसले. टपरीवाल्याने चहा सातचा दहा केला, तो मात्र निव्वळ भांडवलदारांचा कट. त्या कटाची उधारी वहीत चार पानं आहे.

मनुष्यस्वभाव हा त्यांचा हातखंडा विषय. "माणूस मुळातच स्वार्थी. बांध बघा." शेजारी दर वर्षी नांगरताना बांध कसा वीतभर कोरतो, हे ते बाकावर बोटाने रेघ ओढून दाखवतात. मग कुणीतरी विचारतं, "अप्पा, औंदा तुमचाबी ट्रॅक्टर पल्याड गेला म्हणं?" त्यावर उत्तर तयार. "ट्रॅक्टरवाला परगावचा होता."

एकदा निवृत्त गुरुजींनी त्यांना पेचात धरलं. "माणूस स्वार्थी, मग बाबू गेनूचं काय?" शेजारच्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि हटला नाही. तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. अप्पांनी बशी खाली ठेवली, टोपी सारखी केली. "गुरुजी, तो आपल्या मातीतला. मी बाकीच्यांचं बोलतोय." म्हणजे मनुष्यस्वभाव आंबेगाव तालुक्याच्या हद्दीबाहेर सुरू होतो!

लोकसंख्येच्या बाबतीत त्यांना कायदाच हवा. तसा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने आणीबाणीत, 1976 साली, मंजूर केला होता, सक्तीच्या नसबंदीचा. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी केंद्रातलं सरकार घरी पाठवलं. गुरुजींनी हे सांगितल्यावर अप्पा म्हणाले, "बघा! लोकशाहीनं घात केला." महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत, हा आरोग्य पाहणीचा आकडा त्यांना पटत नाही, कारण यष्टीत बसायला जागा मिळत नाही.

"अप्पा, तुम्ही भावंडं किती?" एका कॉलेजच्या पोराने विचारलं.

"सात."

"तुम्ही कितवे?"

"सहावा. पन तवा पाऊस टायमाला पडायचा."

मध्यंतरी जुन्नर वनविभागातल्या बिबट्यांची प्रायोगिक नसबंदी करायला केंद्राने परवानगी दिल्याची बातमी आली. उसात पिल्लं घालणारा बिबट्या इकडे काही चेष्टेचा विषय नाही. संध्याकाळनंतर पाणी धरायला एकटं कुणी जात नाही. पण अप्पांना त्या बातमीत तत्त्वाचा विजय दिसला. "माणसाला जमलं न्हाई ते वाघराला लागू केलं. का? त्याला मत न्हाई!" खरं सांगायचं तर त्यांच्या साऱ्या आयुष्यातला हा एकच मुद्दा मला बिनतोड वाटला.

आणि हेच अप्पा एकही ग्रामसभा चुकवत नाहीत. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. ते सहसा जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या रिकाम्या सभेत पुढच्या सतरंजीवर अप्पा ठाण मांडतात. पाणीपट्टीचे पैसे कुठे गेले, गटाराच्या कामाचं अंदाजपत्रक दाखवा, मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचा. ग्रामसेवक घाम पुसत कागद शोधतो. एकदा अध्यक्ष "अप्पा, बसा आता" म्हणाले, तर अप्पा कडाडले, "बोलायचा हक्क हाय माझा! ही काय हुकूमशाही हाय व्हय?"

कुणी हसलं नाही. गटाराचं काम मात्र त्या प्रश्नांमुळेच पुन्हा मोजलं गेलं.

तेव्हा कळंबला थांबलात तर चहा जरूर घ्या, अप्पांचाही द्या. फक्त जनगणनेचा विषय काढू नका. पुढची यष्टी चुकेल.