फुगलेली वाळू

वाळू घन की द्रव, हा प्रश्न बीड जिल्ह्यात दोघांनाच पडतो: विज्ञान शिकवणाऱ्याला आणि घर बांधणाऱ्याला. माझ्या नशिबी दोन्ही एकदम आलं.

घनाला स्वतःचा आकार असतो आणि द्रव भांड्याचा आकार घेतो, असं मी वर्गात घसा फोडून सांगत आलोय. वाळू पोत्यात पोत्यासारखी, घमेल्यात घमेल्यासारखी. म्हणजे द्रव. मग ओतल्यावर तिनं मुकाट्यानं पसरावं की नाही? ती ढीग करून बसते. कोरड्या वाळूच्या ढिगाचा उतार साधारण 34 अंशांवर थांबतो. धान्याचंही तसंच, अंश थोडे इकडंतिकडं. आमच्या आठवडी बाजारात या अंशांवरून भांडणं झालेली आहेत, कारण पायलीवर ज्वारीची शीग उभी राहते ती या उताराच्या जिवावर. दुधाला शीग लागत नाही, म्हणून तर बिचाऱ्या गवळ्याला पाणी घालावं लागतं.

राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी 1763 साली थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला धूळ चारली. मी तिथं जातो ते वाळू तुडवायला. पाण्याकडेच्या ओल्या वाळूवर पाय दाबला की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी ठक्क दिसते. दाबल्यावर कण एकमेकांवर चढतात, मधल्या फटी रुंदावतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं 1885 साली हे उलगडून दाखवलं. थोडक्यात, वाळूला दाबायला गेलं की ती आणखी पसरते. महसूल खात्यालाही हा अनुभव आहे. आमच्याकडं वाळू दिवसा घन असते, वाहते ती रात्री, आणि पंचनाम्याची वेळ आली की तिची वाफ होते.

माझी वाळू मात्र पावतीची होती. दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट. हायवा रिकामा झाला, मिस्त्रीनं टेप लावला, हिशेब केला आणि ढिगात हात खुपसून मूठ आवळली. मूठ उघडली तरी वाळूचा लाडू तसाच.

"सर, माप बरुबर हाय. पण वाळू फुगलीय."

त्यानं एक बादली वाळूनं काठोकाठ भरली, बाजूला ओतली, बादलीत निम्मं पाणी घेतलं आणि तीच वाळू परत आत टाकत सळईनं ढवळली. काठोकाठची वाळू चांगली चार बोटं खाली बसली. जरा ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि कण एकमेकांपासून अंग चोरून बसतात. पाच-सहा टक्के ओलीवर बारीक वाळू पाव हिश्श्यानं, कधी त्याहून जास्त फुगते. पुरती भिजवली की परत मूळ मापावर येते. मी निदान पाचवा हिस्सा हवा विकत घेतली होती, तीही बांधकामाच्या भावानं.

मी तावातावानं वाळूवाल्याला फोन लावला. रेनॉल्ड्सपासून बादलीपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," तो म्हणाला, "भर एप्रिलात बीडमधी वाळूसंगं पाणी फुकट कोण देतंय, तेवढं सांगा!"