हत्ती आहे, उंट आहे, कोंबडी नाही

केशोरीच्या आठवडी बाजारात मिरचीचे ढीग संपले की कोंबड्यांची डालगी सुरू होतात. तिथं एक गृहस्थ हमखास उभे असतात. ते कोंबडी विकत नाहीत, घेतही नाहीत. कोणी पाय बांधून कोंबडा सायकलच्या हँडलला उलटा टांगला, की त्याला थांबवतात.

"प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, 1960. कलम अकरा."

"दंड किती गा काका?"

"पहिल्या खेपेला दहा रुपयांपासून पन्नासपर्यंत."

सायकलवाला मनात हिशेब करतो. कोंबडा याच्या दसपटीनं घेतलेला असतो. तो गाठ आणखी घट्ट आवळून निघून जातो. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. कलम सांगणं हे त्यांचं काम, ते पाळणं हे लोकांचं.

असे कलमवाले काका गावोगावी असतात. आमचे काका वकील नाहीत. धुऱ्याच्या वादात त्यांनी पंधरा वर्षं कोर्टाच्या वाऱ्या केल्या. त्यात धुरा गेला, पण शिक्षण पदरात पडलं. खिशाला दोन पेनं आणि काखेत झेरॉक्सची पिशवी. एरवी ते आपले "काय करून राहिला गा" म्हणणारे, पण कायद्याचा विषय निघाला की "सदरहू" आणि "उपरोक्त" सुरू. काकूंनी एकदा आमटीत मीठ कमी घातलं, तेव्हा "सदर आमटी" म्हणून ताट सरकवलं होतं म्हणतात. 1 जुलै 2024 ला जुनं दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. तीस वर्षं पाठ केलेले आकडे एका रात्रीत बाद झाले होते. चारशेवीसचं तीनशेअठरा झालं, यात मजाच राहिली नाही, असं त्यांचं अजून मत आहे.

तर मागच्या पावसाळ्यात काकांच्या मागच्या खोलीत पुण्याचा एक पोरगा नोकरीनिमित्त भाड्यानं राहायला आला. काकूंच्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजून गेल्यावर हा पोरगा लाल डोळ्यांनी अंगणात आला आणि त्यानं विचारलं, "काका, कोंबड्या पाळायला परवानगी कोणाची लागते?"

अख्ख्या आयुष्यात काकांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा सांगितला आणि पिशवी सोडली.

पाच हजार पक्ष्यांपासून पुढं कुक्कुटपालनाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. "आपल्याकडं दहा. म्हंजे 4,990 कमी. ते कलम गेलं." मग पोरानं आपला कोथिंबिरीचा वाफा दाखवला. कोंबड्यांनी तो उकरून सपाट केला होता. काकांचा चेहरा खुलला. "कोंडवाडा! गुरे अतिक्रमण अधिनियम, 1871, कलम तीन!" आणि लगेच पडला. "पन नाई जमत. त्यात हत्ती आहे, उंट आहे, खेचर आहे, डुक्कर आहे, शेळीचं पिल्लू आहे. कोंबडी नाई."

इंग्रजाला हत्ती आठवला आणि कोंबडी आठवली नाही, यावर कोणी हसेल. आमच्याकडं हसता येत नाही. 2022 साली रानहत्तींचा कळप गडचिरोलीकडून खरोखर आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात उतरला आणि उभं धान तुडवून गेला. कायदा तयार होता, हत्तीला कोंडवाड्यात नेणारा तेवढा मिळाला नाही.

उरला आवाज. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि वस्तीत मर्यादा 45 डेसिबल. "म्हंजे आपला कोंबडा कायद्यानं रात्रीच आरवते," काका अभिमानानं म्हणाले. झेरॉक्स निघू लागल्या. 2019 मध्ये पुण्यातच एका बाईंनी कोंबडा झोपमोड करतो म्हणून पोलिसांत अर्ज दिला होता. फ्रान्सात मोरिस नावाच्या कोंबड्यावरून शेजाऱ्यांनी भरलेल्या खटल्यात त्याच वर्षी कोर्टानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला. काका त्याला मोरिसराव म्हणतात. पुढं 2021 मध्ये त्या देशानं गावाकडचे आवाज आणि वास यांना संरक्षण देणारा कायदाच केला. उलट केरळात, अडूरला, 2025 मध्ये महसूल अधिकाऱ्यानं खुराडं चौदा दिवसांत जागेच्या दुसऱ्या बाजूला हलवायला लावलं.

"मग आपलं काय?" पोरानं विचारलं.

"सार्वजनिक उपद्रव. न्याय संहिता, कलम 270. दंड 292 खाली, एक हजारापर्यंत. आधी दोनशेच होता." काकांनी पेन काढलं आणि पोराच्या वतीनं स्वतःविरुद्ध पावणेदोन पानांचा अर्ज लिहून दिला. "सदरहू इसम कोंबडा बाळगून असून..." अक्षर सुंदर. साक्षीदार म्हणून खाली सही पण केली. मग दुसरा कागद घेऊन त्याच अर्जाला इसमातर्फे उत्तर लिहिलं. दोन्ही कागद पिशवीत गेले. ते कुठं द्यायचे असतात, हे काकांना सुचलं नाही आणि पोरानंही विचारलं नाही.

कायद्यातलं कोंबडीचं खरं प्रकरण एकच, आणि त्यावर काका गंमत करत नाहीत. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, देशात पहिल्यांदा. पुढं 2009 मध्ये जनावरांच्या साथरोगांचा केंद्रीय कायदा आला. साथ निघाली की बाधित पट्ट्यातल्या कोंबड्या मारतात. त्यात मोठं फार्म आणि काकूंचं खुराडं असा भेद नाही. नुकसानभरपाई मिळते, पण अंगण मोकळं होतं.

काकूंना यातलं एकही कलम ठाऊक नाही. पिल्लं सात दिवसांची झाली की मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात पडला पाहिजे, एवढं ठाऊक आहे. आणि सांजेला डालगं झाकताना मोजायचं, कारण मुंगूस कायदा वाचत नाही. अंड्यांचे पैसे लुगड्याच्या गाठीला. या व्यवहारात काकांना मत नाही.

हिवाळ्यात पेच आला. एक काळी कोंबडी पोराच्या खोलीतल्या बंद कुलरमध्ये जाऊन रोज अंडं घालू लागली. अंडं कोणाचं? कोंबडीच्या मालकाचं, की जागा भाड्यानं घेणाऱ्याचं? काका तीन दिवस बाजारालाही गेले नाहीत. चौथ्या दिवशी काकू कनकी निवडता निवडता म्हणाल्या, "ज्याच्या कुलरात घातलं, त्याचं. पोरगं एकलं राह्यते, खाऊ द्या."

त्यानंतर कोंबड्याची तक्रार आली नाही. उलट पोरगा कुलरमध्ये मूठभर कनकी टाकू लागला. एप्रिलात पारा चढला, तरी त्यानं कुलर सुरू केला नाही. टेबलपंखा आणला.

परवा काकांनी भाडेचिठ्ठी पुन्हा वाचली. कुलर काकांचा आहे.