आप्पांचा पत्ता

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आमच्या गल्लीत कावळ्यांचा भाव एकदम वधारतो. एरवी वाळवणावरून हुसकून लावले जाणारे हे गृहस्थ पंधरा दिवस गच्चीगच्चीवरून हाका मारून बोलावले जातात. पानात खीर, उडदाचे वडे, अळूवडी, भोपळ्याची नि गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. कावळा आधी वडा उचलतो. गवारीला त्याने चोच लावलेली मी पाहिलेली नाही. आमच्या आप्पांनीही हयातीत गवार कधी खाल्ली नाही. आत्याला एवढा पुरावा पुरतो.

आत्या साताऱ्याची. तिच्या मते तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सध्या तीन ठिकाणी आहेत. एकादशीला गेले म्हणून ते वैकुंठात आहेत. म्हाळाच्या दिवशी ते कावळा होऊन गच्चीवर येतात. आणि तिचा धाकटा नातू भाकरीचा पापुद्रा सोलून आधी तेवढाच खातो, त्याअर्थी तो तर आप्पाच. 'अगं आत्या, पण नक्की कुठे आहेत ते?' असं मी एकदा विचारलं. "तुला काय करायचंय? पत्र घालायचंय का त्यांना?" म्हणाली, आणि वडे तळायला निघून गेली.

माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाला वाटतं, ही शंका आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. तसं नसतं. चार्वाकांनी ती केव्हाच काढून ठेवली आहे. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला, त्यात चार्वाकांचं म्हणणं दिलंय: इथे वाढलेलं जर मेलेल्यांना पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी? घरच्यांनी घरीच त्याच्या नावाने जेवावं. आणि माडीवर बसलेल्याला खालीच पान वाढून का भागत नाही? बिनतोड आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते तेव्हा तर मला हा युक्तिवाद फारच पटतो.

पण पुराणकारही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. वाडवडील दुसऱ्या जन्माला गेले असतील तर पिंड खायचा कोणी, ही अडचण त्यांनाही दिसली होती. मत्स्यपुराणात तिच्यावर तोड आहे. बाप देव झाला असेल तर श्राद्धाचं अन्न त्याला अमृत होऊन मिळतं, पशू झाला असेल तर गवत होऊन, सर्प झाला असेल तर वारा होऊन, माणूस झाला असेल तर माणसाच्या खाण्यापिण्याच्या रूपात. परदेशी मुलाने डॉलर पाठवावेत आणि इथे आईच्या हातात रुपये पडावेत, तसं. फक्त मधे हुंडणावळ कोणी कापत नाही. हे वाचल्यापासून मला श्राद्धाबद्दल, निदान त्याच्या हिशेबनिसाबद्दल, आदर वाटतो.

आमच्याकडे तर एवढंही लागलं नाही. आत्याने आप्पांचं पान वाढून झाकून ठेवलं आणि ती कावळ्याला हाका मारायला गच्चीवर गेली. तेवढ्यात त्या धाकट्याने झाकण काढून दोन वडे आणि वाटीभर खीर उडवली. सुनेचा चेहरा पडला. आत्या खाली आली, पानाकडे पाहिलं, पोराच्या ओठांवरची खीर पाहिली आणि म्हणाली, "पोचलं." गवार तशीच होती.

हा आत्मा असतो तरी केवढा? कठोपनिषदात नचिकेत यमालाच गाठतो आणि विचारतो की मेल्यावर माणूस उरतो की नाही. यम आढेवेढे घेतो. याबद्दल देवांनाही शंका होती म्हणतो, त्याऐवजी हत्ती, घोडे, सोनं, अप्सरा देऊ करतो. खात्याचा प्रमुखच इतकी टाळाटाळ करतो म्हटल्यावर आपण किती ताणावं? पुढे तो बोलतो, आणि अंगठ्याएवढा पुरुष देहात राहतो असंही तिथे येतं. महाभारतात सत्यवानाच्या देहातून यम पाशाने ओढून काढतो तोही अंगठ्याएवढाच. जैनांचा जीव मात्र देहाच्या मापाचा, हत्तीत हत्तीएवढा आणि मुंगीत मुंगीएवढा. मला हे जास्त पटतं. माझी मावशी अंगठ्यात मावणं शक्यच नव्हतं.

अमेरिकेत डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरांनी तर मरणासन्न रोग्यांची खाटच काट्यावर चढवली. रोगी सहा. पहिल्याचं वजन प्राण जाताना पाऊण औंसाने, म्हणजे २१ ग्रॅमने उतरलं. बाकीच्यांच्या नोंदी एकीला एक धरून नव्हत्या, तरी १९०७ साली निष्कर्ष छापून आला आणि जगाने तेवढे २१ ग्रॅम पाठ केले. मग त्यांनी १५ कुत्री जोखली. त्यांच्या वजनात फरक पडला नाही, सबब कुत्र्याला आत्मा नाही. धर्मराजाबरोबर थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेलं कुत्रं साक्षात धर्मच निघालं होतं, हे डॉक्टरांना सांगायला कोणी नव्हतं.

योनींचा हिशेब मात्र आपल्याकडे चोख. चौऱ्याऐंशी लक्षांची फोडही मिळते: पाण्यातल्या ९ लाख, स्थावर २०, कृमी-कीटक ११, पक्षी १०, पशू ३० आणि माणसं ४ लाख. २०११ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सजीवांच्या प्रजातींचा अंदाज ८७ लाख असा काढला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर विजयोत्सव झाला. या अंदाजात इकडेतिकडे १३ लाखांची सूट आहे आणि माणसाची त्यात एकच प्रजात आहे, हे मी लिहिलं. कोणी अंगठासुद्धा दिला नाही.

या सगळ्यात गमतीची नसलेली एक बाजू आहे. मागच्या जन्माचं खातं दुसऱ्याच्या नावावर लिहायला फार सोयीचं असतं. आपली पाठ धरली तर डॉक्टर, आणि गटारात उतरणाऱ्याच्या वाट्याला विषारी वायू आला तर प्रारब्ध. हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून, आरामखुर्चीतून ऐकलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही एक आहे. तिच्यामागे किती पिढ्यांचा हा हिशेब असेल, ते आत्याच्या गच्चीवरून दिसत नाही.

उरला माझा स्वतःचा प्रश्न. शेवटच्या क्षणी मनात जे असेल ती गती, असं म्हणतात. भरत राजाने मरताना पाडसाचा ध्यास घेतला आणि तो हरिण झाला. अजामिळाने धाकट्या मुलाला हाक मारली, मुलाचं नाव नारायण होतं, म्हणून विष्णुदूत धावले. आमच्या आधीच्या पिढीने ही सोय करून ठेवली होती. घरोघर विठ्ठल, राम, नारायण असत. आता हाक मारायला घरात कियान आणि मायरा आहेत. वैकुंठातून कोण येणार?

शिवाय स्वतःला ओळखून मी सांगतो, माझ्या मनात त्या क्षणी देव नसेल, नातवंडंही नसतील. गॅस बंद केला की नाही, हेच असेल. मग भरताच्या न्यायाने मी रेग्युलेटर व्हायला हवा. चौऱ्याऐंशी लाखांत ती योनी दिसत नाही. पण स्थावरात वीस लाख जागा आहेत, तेव्हा कुठेतरी घुसवतील.