‘वेल प्लेड’ आधी कुणी म्हणायचं?

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडे या, असं कुंपणाला टेकून. जास्वंदीला पाणी नंतर घाला, ती काही पळून जात नाही. समोरच्या बंगल्यातली धाकटी आणि आमचा भाचा काल आमच्या गच्चीत असे काही जुंपले होते म्हणता… मला आधी वाटलं, काहीतरी लग्नाबिग्नाचं बिनसलंय. कसलं काय! हार्थस्टोन. तेच ते, ब्लिझर्डवाल्यांचं पत्त्यांचं. २०१४ साली आलं, पण पोरांचं मन काही भरत नाही.

तर झालं काय, ती जिंकत आली होती. आली तर आली, मारून मोकळं व्हावं ना? नाही. शेवटचा फटका हाणायच्या आधी तिने त्याला ‘वेल प्लेड’ म्हटलं. आणि मग हातातली उरलीसुरली पानं एकेक करून सावकाश टाकली, ज्यांची काही गरजच नव्हती! मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी. याचे कान लाल झाले. “हा माज आहे, सरळ सरळ माज,” म्हणाला. ती म्हणते कशी, “कौतुक केलं तर माज? तुमच्याकडे कौतुकाची पद्धत नाही वाटतं?” अहो, तुमच्याकडे म्हणाली! म्हणजे मीसुद्धा आले त्यात. मी काही बोलले नाही, पण बिस्किटं दोनच ठेवली तिच्या बशीत.

आता रीत तुम्हालाही ठाऊक आहे. हरणाऱ्याने ‘वेल प्लेड’ म्हटलं तर तो त्याचा मोठेपणा. जिंकणाऱ्याने, तेही समोरच्याचा जीव अजून धुगधुगत असताना म्हटलं, तर ते मीठ चोळणं. शब्द तोच हो… पण म्हणायचा कुणी आणि कधी, यावर सगळं. आणि गंमत अशी की ब्लिझर्डवाल्यांनी हे होऊ नये म्हणूनच तर अनोळखी माणसाशी बोलायची सोयच ठेवली नाही. नमस्कार, शाबासकी, आभार, ‘ऊप्स’, धमकी, अशी मोजकी तयार वाक्यं दिली. घ्या, काय बोलायचं ते यातच बोला. तर लोकांनी तेवढ्यातही कुचकेपणा साधलाच! पूर्वी त्यात ‘सॉरी’ होतं, आठवतंय ना? समोरच्याचं सगळं सैन्य कापून काढायचं आणि वर गोड आवाजात ‘सॉरी’. इतका वैताग झाला की २०१६ मध्ये ते काढलं आणि ‘वॉव’ आणलं. मग काय, समोरच्याकडून एखादी चूक झाली की ‘वॉव’. पुन्हा ‘वॉव’. परत ‘वॉव’. माणसाचं तोंड बांधलं तरी नाक मुरडायचं थोडंच थांबतं!

एक सोय मात्र झकास आहे. समोरच्याच्या चित्रावर टिचकी मारली की त्याची बडबड बंद. स्क्वेल्च म्हणतात. असं बटण आपल्या भिशीत असतं तर… जाऊ दे, नावं घेत नाही मी.

तर काय सांगत होते? हां, ते भांडण. माज म्हटल्यावर ती गप्प बसतेय होय! ती म्हणाली, “आणि तू मगाशी प्रत्येक टर्नला रोप जाळत बसला होतास ते?” आता याचा चेहरा उतरला. कारण ते खरंच होतं, मी पाहिलंय. पंच्याहत्तर सेकंदांची टर्न, शेवटी शेवटी पडद्यावर मधोमध ती दोरी पेटते, जळत जळत जाते. विचार करायचा असेल तर जाळा बापडी, कुणी अडवलंय? पण हातात एकच पान, तेही टाकता येत नाही, आणि हा नुसता हाताची घडी घालून बसलेला. का, तर ती कंटाळून चुकेल म्हणून! हा काही डाव झाला? तसं एखाद्याने अख्खी टर्न काहीच न करता घालवली, तर पुढच्या वेळी दोरी लगेच पेटवतात म्हणे. पण आमचा पठ्ठ्या तयार आहे, शेवटच्या क्षणाला काहीतरी एक चाल करतो आणि सुटतो. त्यापेक्षा ते नोझडॉर्मूचं पान चांगलं. जुनं, ड्रॅगनचं. ते पटावर आलं की दोघांनाही पंधराच सेकंद. मी भाच्याला म्हटलं, तुझ्यासाठी ते कायमचंच लावून ठेवायला हवं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं बरं का. रीतभात वगैरे वरवरचं. त्याला राग होता तिच्या डेकचा. ती हंटर हा हीरो घेऊन बसते आणि सगळा मारा थेट फेसला, म्हणजे समोरच्या हीरोवरच. पटावरच्या त्याच्या सैनिकांकडे ढुंकून बघत नाही. हंटरला तर दर टर्नला दोन माना, म्हणजे पानं टाकायला मिळणारी शक्ती, खर्चून दोन डॅमेजची सोयच आहे, समोर कुणी आडवा असला तरी ते थेट हीरोला लागतं. हीरोचा जीव तीसचा. पान नसलं तरी दोन, दोन, दोन… आणि याचा वॉरियर. दोन मानात दोन आर्मर चढवायचं, समोरचं एकेक साफ करायचं, मोठी पानं हातात धरून ठेवायची आणि दहा मानाची वाट बघायची. तोवर ती चौथ्या-पाचव्या टर्नलाच गळ्याशी आलेली. “याला बुद्धी लागत नाही,” हा म्हणाला. “शिवाय डेकसुद्धा तुझा नाही, नेटवरून उचललायस!”

आली की पंचाईत! त्या नेटडेकवरून घराघरांत वाद आहेत, आपल्याकडेच असं नाही. पण मला एक कळत नाही, तीस पानं कुणी का लिहिलेली असेनात, खेळायची तर हिलाच होती ना? ‘रुचिरा’ बघून केलेली भाजी कुणी ताटातून परत पाठवतं का? ओगलेबाईंनी लिहिलं म्हणून मीठ काही आपोआप पडत नाही.

आणि बुद्धीचं म्हणाल तर… तो माइक फ्लोरेस, ‘मॅजिक’ नावाच्या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळावर लिहिणारा, १९९९ मध्येच लिहून बसलाय. दोघांत एकाने मारायचं असतं, दुसऱ्याने तग धरायचा असतो, आणि आपण कोण हे ओळखायला चुकला तो हरला. दोघांचे डेक अगदी सारखे असले तरीसुद्धा! डाव लांबला तर कुणाचं फावतं ते बघायचं. ज्याचं फावत नाही त्याने थांबूच नये. म्हणजे पोरीने केलं ते बरोबरच केलं. लांबला असता तर वॉरियरने तिला सावकाश खाल्ली असती. चुकला कोण? आमचाच. तिचे दोन बारके प्राणी पटावर तसेच सोडून मध्येच हा तिच्या फेसला धावला. तग धरायचा सोडून मारामारी! मी हे बोलून दाखवलं, तर दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू ट्रेच बोलला.

बरं, पोरांना तरी काय नावं ठेवायची! मोठ्यांचं बघा ना. ब्लिझर्ड आणि चीनमधली ती नेटईझ, एवढी वर्षं गळ्यात गळे. जानेवारी २०२३ मध्ये करार संपला, काडीमोड, आणि तिथे हार्थस्टोनच बंद. नेटईझवाल्यांनी आपल्या आवारातली ती वॉरक्राफ्टची भलीमोठी कुऱ्हाड, गोरहाऊल, माणसं लावून फोडली. तीही लाइव्ह, लोकांना दाखवत! सांगा आता, ‘वॉव’वाली पोरं परवडली. वर त्या भांडणापायी हांगझोऊच्या एशियन गेम्समधून हार्थस्टोन गळलं. ज्याच्यात २०१८ मध्ये जकार्ताला आपल्या भुजच्या तीर्थ मेहताने ब्राँझ आणलं होतं हो! तेव्हा ते नुसतं प्रात्यक्षिक म्हणून होतं, पदकतक्त्यात धरत नव्हते. धरायची वेळ आली तर खेळच नाही. आणि २०२४ मध्ये दोघं परत एकत्र. मधल्यामध्ये ज्यांची तयारी वाया गेली त्यांना कुणी ‘सॉरी’ म्हटलं का? ते तर केव्हाच काढून टाकलंय.

काय सांगत होते… हां, मिटलं कसं ते. भाच्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, मार्व्हल स्नॅप खेळू, त्यात रडारड नसते. तो मोठ्याने हसणारा बेन ब्रोड नाही का, हार्थस्टोन सोडून गेला २०१८ मध्ये, त्याच्या कंपनीचं. बारा पानं, सहा टर्न, संपलं. आपली बाजू भक्कम वाटली की स्नॅप करायचं, पैज दुप्पट. नको वाटलं तर रिट्रीट, थोडक्यात सुटायचं. तिथे पळून जाण्याला कुणी भित्रा म्हणत नाही, उलट वेळेवर पळाला तो शहाणा. मला तर हे फार आवडलं. तिने दुसऱ्याच टर्नला स्नॅप केलं, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. हा विचारात पडला, पानं बघितली, परत तिच्याकडे बघितलं… आणि उठला, पळाला. तिच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं! तिने पानं दाखवली तेव्हा याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. पण हसला हो. पहिल्यांदा हसला.

माझं मत विचाराल तर फेसला मारा, नेटवरून डेक उचला, पानं नसताना स्नॅप करा, सगळं माफ. तो खेळ आहे. मुद्दाम दोरी जाळणं आणि जिंकायच्या आधी ‘वेल प्लेड’ म्हणणं तेवढं नको. तुमचा नातू शनिवारी आमच्या भाच्याशी खेळायला येणार आहे ना, त्याला एवढं सांगून ठेवा. फक्त मी सांगितलं असं म्हणू नका हो.