कुत्रं आपलं, चावलं तर गावाचं

सायखेड्यात कुत्रं पाळायला फारसं काही लागत नाही. शिळी भाकरी, अंगणातला एक कोपरा आणि वेळ आली की साफ नाही म्हणायची तयारी, एवढ्यावर भागतं. तरी नवख्यांच्या चुका होतात, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी पट्ट्याचं बघू. तो बांधायचा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातला ‘ताब्यातल्या’ हा शब्द पुन्हा वाचा. पट्टा म्हणजे ताब्याचा पुरावा, आणि तो आपण होऊन कोण बांधतं? नाव ठेवायला मात्र हरकत नाही. मोती ठेवावं. गल्लीत चार मोती असतातच, कोणता कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराची लस, जंताचं औषध आणि नसबंदी मालकाच्या अंगावर टाकली आहे. मोकाटांचं स्थानिक संस्थेनं बघायचं. तेव्हा रात्री कांदाचाळीपाशी भुंकणारा मोती आपला आणि सकाळी शाळेच्या वाटेवर बसलेला मोती ग्रामपंचायतीचा, अशी वाटणी ठेवावी.

खरी कसोटी चावल्यावर. शेजारचं पोरगं पोटरी धरून रडतंय, त्याची आजी मिरचीपूड घेऊन धावतेय. (जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, पण साबणाला मिरचीचा ठसका कुठला?) दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘‘कुत्रं कोणाचं? दहा दिवस नजर ठेवता येईल का?’’ इंजेक्शनं लगेच सुरू होतात, पण कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं आणि पोराच्या पुढच्या सुया वाचू शकतात. त्यासाठी कोणीतरी त्याला आपलं म्हणायला हवं. पोराचा बाप हे विचारायला दारात आला, की टोपी सारखी करायची आणि म्हणायचं, ‘‘नाही ओ भाऊ, हे चांदोरीकडून आलेलं दिसतं.’’ मोती त्याच वेळी तुमच्या पायाशी शेपूट हलवत असणार. त्याला टाचेनं हळूच मागं सारावं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्यामुळे हे वाक्य बोलताना हसू येऊ देऊ नये.

मांजराला एवढीही मेहनत नाही. ते मुळातच घराचं असतं, माणसाचं नसतं. दूध आपल्याकडे, उंदीर शेजारी, घाण तिसऱ्याच्या गादीवर. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात; आठवं घर आपण शोधायचं. कांद्याची गोणी घ्यावी, रात्री मोटारसायकल काढावी आणि गोदावरीचा पूल ओलांडून चांदोरीच्या हद्दीत गोणी सोडावी. अडचण एवढीच, की चांदोरीकरही हेच मार्गदर्शन पाळतात. पुलावर दोन गाड्या समोरासमोर येतात.

‘‘काय अण्णा, गोणीत काय?’’

‘‘वांगी. तुमच्या?’’

‘‘आमच्याबी वांगीच.’’

दोन्हीकडची वांगी म्यावम्याव करत असतात. जनावराला उपाशी मरायला सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. पुलापर्यंत जायला पेट्रोल लागतं, तेही धरा.

एवढं करूनही उरलेली जनावरं उसात जातात. तिथली व्यवस्था चोख आहे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनानं 39 टक्के कुत्री निघाली आणि 15 टक्के मांजरं. आपल्या निफाड तालुक्यातही ऊस आहे, बिबट्या आहे, आणि वाढपी आपण आहोतच. जेवणाची सोय असली की पाहुणा वस्ती सोडत नाही, पण तो विषय नंतरचा.

मग एका सकाळी बांधावर रक्त, फरपटल्याची खूण आणि ओल्या मातीत पंजा दिसतो. गाव गोळा होतं, ‘पिंजरा लावा’ म्हणून आरडाओरडा होतो. वनविभागाचा माणूस वही उघडून विचारतो, ‘‘कुत्रं कोणाचं होतं?’’

चार हात वर जातात.