फाटकाचं तेल

"काकू, तुमच्या फाटकाच्या बिजागरीला मी दोनदा तेल घातलं हो. तरी दुपारी चारला कुरकुरतंयच."

"ते फाटक नव्हे गं. ती मी."

"तुम्ही?"

"व्हायोलिन वाजवते. अशी पुढे ये, जास्वंदीपाशी. ओरडून सांगायची गोष्ट नाही."

"सोळा वर्षं शेजारी राहतेय, कधी बोलला नाहीत!"

"वाजवत कुठं होते? लग्नाआधी 'मध्यमा पूर्ण'पर्यंत परीक्षा दिल्या. मग ह्यांच्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या फिया. सत्तावीस वर्षं खोकं माळ्यावर, पापडाच्या डब्यामागं. दिवाळीच्या आवराआवरीत उघडलं, तर गजाच्या केसांना कसर लागलेली. निम्मे झडलेले."

"अगंबाई! केस कसले?"

"घोड्याच्या शेपटीचे. त्यावर राळ घासली की गज तारेला धरतो, नाहीतर नुसता घसरतो. राळेच्या वडीचेही तुकडे झालेत, पण त्यांनी काही अडत नाही. फडक्यात धरून घासते. तेवढेच पैसे वाचले."

"नवंच घ्यायचं की. लेक पुण्यात कमावतोय."

"आणेल गं तो. मग दर रविवारी फोनवर विचारेल, 'आई, वाजवतेस ना?' नको ती उधारी. भिशीचे दोन हजार होते, त्यात बसेल तेवढंच करायचं ठरवलं नि सिटी बसनं मिरजेला गेले. कारागीर सतारीच्या भोपळ्यांच्या राशीत बसलेला. मी शहाणी, घरीच चारही तारा एकदम काढून नेल्या होत्या. त्यानं व्हायोलिन कानाशी धरून हलवलं, तर आत खुळखुळ!"

"मोडलं?"

"नाही. आत एक काडी उभी असते, साऊंड पोस्ट म्हणतात. चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी राहते. दाब गेला की आडवी. तारा बदलायच्या तर एकेक बदला, म्हणाला. एका कडेचा सांधाही उकललेला. माझ्या काळजात धस्स झालं, तर तो म्हणतो, बरं झालं, सरस सुटला म्हणून लाकूड तडकलं नाही."

"सरस शहाणा निघाला म्हणायचा!"

"माझ्यापेक्षा तरी. काडी, सांधा, गजाला नवे केस, स्टीलच्या साध्या तारा, सगळे मिळून अठराशे पन्नास. उरलेल्या दीडशेत बसचं तिकीट आणि भडंग."

"आणि शिकवणी?"

"शिकवणी कसली! मोबाइलवर तानपुरा फुकट. मांडी घालून, उजवा पाय पुढे घेऊन व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवायचं. आधी गुडघा ओरडतो, मग व्हायोलिन. पेटीचं बरं असतं, पट्टी दाबली की सूर. ह्याला पडदे नाहीत, खुणा नाहीत. बोट केसभर हललं की सूर गेला. गंमत सांगू? कान अजून शाबूत आहे. चुकलं की तत्क्षणी कळतं. बोटांना मात्र काही म्हणता काही आठवत नाही. कानही गेला असता, तर सुखानं वाजवलं असतं बघ."

"मग हो?"

"मग प्रभाकर जोग लावून ऐकते. बाबूजींच्या गीतरामायणाला साथ करायचे ते. त्यांच्या गजातून गाण्याचे शब्दसुद्धा उमटायचे. ते ऐकलं की माझा गज खोक्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर."

"काका काय म्हणतात?"

"काही नाही. चारच्या ठोक्याला पिशवी घेऊन मंडईत जातात. महिनाभरात ह्या घरात इतकी मेथी आलीय, सांगायची सोय नाही."

"काल पावणेपाचला मात्र कुरकुर थांबली होती हं. म्हटलं, मुरलं एकदाचं तेल."

"पावणेपाचला?"

"हो. पाच-सात मिनिटं अगदी गुळगुळीत."

"थांबले नव्हते गं मी. नुसता 'सा' लावून बसले होते."

"अय्या!"

"जाऊ नकोस, थांब. दोन जुड्या मेथी देते."